नावाडीण मेली नव्हती

चष्म्याच्या त्या दुकानात पुढे काउंटर होता, मध्ये डोळे तपासायची अंधारी खोली, आणि सगळ्यात मागे एका बिनखिडकीच्या खोलीत भिंगमास्तर बसायचा. गिऱ्हाइकांनी त्याला कधी पाहिलेलं नसायचं, पण त्यांच्या नाकावरच्या चष्म्याची काच त्याच्याच हातून गेलेली असायची. काच यंत्राच्या चाकाला लावायची, वरून पाण्याची बारीक धार, खाली पांढरा लगदा, आणि फ्रेमच्या खाचेत ती टक् करून बसली की पुढची घ्यायची. एकतीस वर्षं हेच. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. फोन उचलला की तो स्वतःसुद्धा "भिंगमास्तर बोलतोय" असंच म्हणायचा.

त्याला बारक्या म्हणणारं एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण. चोपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, दोन जिने चढला की धापा टाकणारा हा गृहस्थ तिच्या दारात पोचला की आतून आवाज यायचा, "बारक्या, बूट भिंतीकडे काढ. मागच्या वेळी मी अडखळले."

ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई कामावर जायची, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, कुणी मारलं तर त्या पोराच्या घरी जाऊन भांडणं, हे सगळं हिनंच केलं. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि अठ्ठावीस वर्षं लोकांचे फोन जोडत राहिली. बोलणं तुटक आणि नेमकं. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. दोन गल्ल्या पलीकडच्या तिच्या घरात ती एकटी राहायची, आणि कुणी कीव केली की तिचं डोकं फिरायचं.

वाचायची गोडी त्याला तिनंच लावली. 'बुडत्या बंदरांची कथा' या मालिकेचा पहिला भाग तिनं आणला तेव्हा तो नोकरीत नवा होता. समुद्र दर भागात एक बंदर गिळतो, एका मुलीला भरती-ओहोटीची भाषा कळते, आणि समुद्राच्या तळाशी एक दगडी दरवाजा आहे, तो कुणी उघडायचा यावरून राजे एकमेकांच्या उरावर बसलेले, अशी ती गोष्ट. मोठ्या माणसांनी असलं काय वाचायचं, असं लोक म्हणत. ही दोघं मात्र एकाच प्रतीवर तुटून पडायची. आधी ताई, मग तो. त्याचा जीव लढायांत. ताईचा जीव एका नावाडिणीत. पहिल्या भागात ती त्या मुलीला खाडीपार नेते, आणि मग दर भागात कुठे ना कुठे होडी घेऊन हजर होते, राजालाही शिव्या घालते, उतारूंचा फाजीलपणा खपवून घेत नाही. "ही एक्स्चेंजमध्ये शोभली असती," ताई म्हणायची.

आठवा भाग येऊन गेला, आणि मग लेखिका गप्प झाली. अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत ताईची नजर गेली.

काचबिंदू होता. तो कडेनं येतो. समोरचं दिसत असतं, बाजूचं हळूहळू पुसलं जातं, आणि माणसाला वाटतं आपणच वेंधळे झालो. ताईच्या हातून कप पडायला लागले. चौकटीला खांदा आपटायचा, पायरी चुकायची. भिंगमास्तर त्या वर्षी दर आठवड्याला तिच्याकडे जेवायला जात होता. डोळ्यांच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. उलट सगळ्यांच्या देखत तो हसून म्हणाला होता, "ताई, अगदी धांदरट झालीस हं तू!" सगळे हसले. तीही हसली. डॉक्टरांकडे गेली तोवर हातातलं बरंच काही निसटलेलं होतं. पुढे उजेड-अंधार तेवढा कळायचा.

"काच तुझ्याकडे, बिंदू माझ्याकडे," असा एक विनोद तिनं तेव्हा केला आणि विषय बंद केला. त्यानंही पुन्हा काढला नाही.

त्याऐवजी तो वाचून दाखवायला लागला. दर रविवारी दुपारी तीन वाजता. ती खिडकीजवळच्या आरामखुर्चीत, तो समोर वेताच्या मोड्यावर. पाच वर्षांत त्यांनी आठही भाग पुन्हा संपवले. वाचायचा छान, पात्रापात्राचा आवाज वेगळा काढायचा. नियम एकच होता, ताईनं घातलेला: पुढचं चोरून वाचायचं नाही. दोघांना एकाच वेळी कळलं पाहिजे.

आणि मग नववा भाग आला.

पुस्तक हातात आलं तो बुधवार होता. रविवारपर्यंत त्याला दम निघाला नाही. अकरा वर्षांची भूक होती. पाच पानं वाचतो, असं म्हणत जेवायच्या सुट्टीत त्यानं ते उघडलं आणि शनिवार दुपारपर्यंत दोनशे पानं संपवली. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला.

आठव्या भागाच्या शेवटी सैन्य दरवाजापाशी येऊन ठेपलं होतं. नवव्यात सैन्याचा पत्ता नाही. म्हातारी झालेली नावाडीण होडी विकून एका आडगावच्या घरात राहायला आली आहे, आणि पानंच्या पानं ती घरात वावरते. उठते, पाणी भरते, बसते. खाडीवरच्या धुक्याचं वर्णन तर त्यानं मोजलं, अकरा वेळा. 'बाई थकली,' त्याच्या मनात आलं, 'सातव्या भागालाच थांबायला हवं होतं.' मध्येच एखादं वाक्य असं यायचं की पूर्वीची लेखिका क्षणभर डोकावून जायची, आणि त्यानं त्याला जास्तच राग यायचा. वाईटच लिहिलं असतं तर बंद करून टाकता आलं असतं.

मग चाळिसाव्या पानाच्या पुढे त्याला कळलं की म्हातारीची नजर जाते आहे. तिला स्वतःला अजून कळलेलं नाही. तिच्या हातून भांडी पडतात, उंबऱ्याला ठेच लागते. आणि घरातली माणसं तिला धांदरट म्हणून हसतात.

नेमका तोच शब्द. सुट्टी संपून तो कामाला बसला तरी तो शब्द डोक्यातून जाईना. यंत्रावर काच चढवलेली होती, पाण्याची धार चालू होती, आणि त्याच्या हातातली काच चाकावरून घसरून तडकली. एकतीस वर्षांत अशा काचा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या फुटल्या असतील.

रविवारी तो गेला तेव्हा ताई केस विंचरून, खुर्ची पुढे ओढून बसलेली होती. "चल, सुरू कर. अकरा वर्षं झाली, आता बूटबीट राहू दे."

त्यानं पहिली चाळीस पानं इमानानं वाचली. मग ते पान आलं. तो घोटभर पाणी प्यायला. मनाशी म्हणाला, तिला कशाला हे? आधीच काय कमी सोसलंय? आणि कंटाळवाणंही आहे, कुणीही कंटाळेल. ही दोन्ही कारणं त्याला तेव्हा पटली. तिसरं होतं, त्याच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

पण गाळायचं कसं? शंभरएक पानं ही बाईच घरभर फिरते आहे. तेव्हा त्यानं पुस्तकावर नजर ठेवून, आवाज न बदलता, स्वतःच्या मनानं तीन वाक्यं वाचली: "त्या रात्री खाडीला पूर आला. म्हातारीचं घर सगळ्यांत खाली होतं. सकाळी तिथं नुसतं पाणी होतं." आणि सरळ एकशे साठाव्या पानावर उडी मारली.

दोन पानं झाल्यावर ताई म्हणाली, "थांब जरा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही तिच्या ध्यानात आलं नाही. "तीस वर्षं सोबत होती रे ही," ती म्हणाली.

तो उठला, स्वयंपाकघरातून पेला भरून आणला, तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "काय करणार ताई, लेखिकेची मर्जी." पुढे कितीतरी दिवस, बाकी सगळं एकवेळ सोसवायचं, पण हा पाण्याचा पेला आठवला की त्याला तोंड लपवावंसं वाटायचं.

पाणी पिऊन ताई म्हणाली, "पण बरोबर नाही मारलं तिला. इतकं उरकून? ही बाई असं कधी लिहीत नाही. हे कुणीतरी घाईत लिहिल्यासारखं वाटतं."

आणि गंमत अशी, की लाज वाटण्याआधी त्याला थोडा रागच आला. तीन वाक्यं काही अगदीच वाईट नव्हती!

त्यानंतरचे रविवार म्हणजे नुसती तारांबळ. मेलेली बाई पुस्तकात धडधडीत जिवंत होती. ती परत होडीत बसली, तेव्हा त्यानं तिच्या जागी एक जुना शिपाई घातला. शनिवारी बसून तो पेन्सिलीनं पानांवर काटछाट करायचा, ओळींवर नवे शब्द लिहायचा. बायकोनं एकदा पाहिलं. "पुस्तकात काय लिहिताय?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती हातातलं काम टाकून बघत राहिली. "उद्या त्यांना कळलं तर?"

"कोण सांगणार तिला?"

"मी तसं नाही विचारलं," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

ताईला तो शिपाई मुळीच आवडला नाही. "हा कुठून उगवला मध्येच? आणि बोलतो तर थेट नावाडिणीसारखा!" शेवटी तळाशी जाऊन दगडी दरवाजा हातांनी चाचपत उघडते ती नावाडीणच, अंधारात वावरायला ती एकटीच शिकलेली असते. भिंगमास्तरनं तो दरवाजा शिपायाकडून उघडवला. त्याला अंधारात कसं जमलं याला काही कारणच उरलं नाही. पुस्तक मिटलं तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "फुकट गेली रे अकरा वर्षं."

"बाई थकली आता, दुसरं काय," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी ताईच्या एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. तीही मालिकेची वेडी, दुसऱ्या गावात राहणारी. ताईनं फोन उचलल्या उचलल्या तिनं विचारलं, "काय ग, नावाडीण आवडली की नाही? मला तर सारखी तूच आठवत होतीस."

हे भिंगमास्तरला तेव्हा माहीत नव्हतं. तो नेहमीसारखा रविवारी गेला, बूट भिंतीकडे काढले, आणि आता काय वाचायचं याची चर्चा सुरू केली. ताई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बारक्या, त्या नावाडिणीचं घर पुरात गेलं, ते पान परत वाच ना एकदा."

पुस्तक कपाटावरच होतं. त्यानं उतरवलं, उघडलं. त्या क्षणी सांगून टाकता आलं असतं. तिनं दार उघडं ठेवलं होतं. पण त्याच्या तोंडून तीच तीन वाक्यं बाहेर पडली. तिसऱ्या वाक्यात एक शब्द बदलला.

"मागच्या वेळी 'नुसतं पाणी' होतं," ताई म्हणाली. "आज 'फक्त पाणी' झालं."

त्यानं पुस्तक मिटलं.

"मी अठ्ठावीस वर्षं कानांवर पोट भरलंय, बारक्या."

"ताई, मी म्हटलं तुला उगाच त्रास..."

"ती मेली म्हणून मी तुझ्यासमोर रडले." आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "आणि तू मला पाणी आणून दिलंस. माझे डोळे गेले हे मी कधीच गिळलं. पण तू मला लहान पोर केलंस. काय ऐकायचं आणि काय नाही, हे तू ठरवणार?"

"पुस्तक खरंच कंटाळवाणं होतं ग." हे बोलला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"ते मी ठरवलं असतं. जा आता. पुस्तक ठेवून जा."

दुकानात त्या आठवड्यात त्याचं लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या डाव्या-उजव्या काचा त्यानं उलटसुलट बसवल्या आणि तपासणी करणाऱ्या बाईंनी त्या परत आणून दिल्या. बाई हसून म्हणाल्या, "मास्तर, बहिणीला वाचून वाचून दमलात वाटतं! केवढं करता हो तिच्यासाठी." त्यानं काचा घेतल्या आणि वर पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तो गेला. गेलाच नाही तर कायमचं तुटेल अशी त्याला भीती वाटली. ताईनं दार उघडलं, पण आरामखुर्चीशेजारी फोन ठेवलेला होता आणि त्यातून मैत्रिणीचा आवाज येत होता. ती पलीकडून पुस्तक वाचत होती. "स्वयंपाकघरातला नळ गळतोय," ताई म्हणाली. "बघतोस तर बघ."

तो नळाशी वाकून बसला. बाहेर मैत्रीण एका सुरात वाचत होती, पात्रांचे आवाज न काढता, वाक्य अडखळलं की मागे जाऊन. धुकं आलं. पुन्हा धुकं आलं. मग भांडी पडली, आणि घरातली माणसं हसली, आणि तो शब्द आला. एका अनोळखी बाईच्या तोंडून तो ऐकताना भिंगमास्तरच्या हातातला पाना थांबला. पुढची काही पानं त्यानं त्या आठवड्यात वाचलीच नव्हती, नुसती चाळली होती. म्हातारी कुणावर चिडत नाही. ती रात्रभर जागून घर हातांनी पाठ करते. किती पावलांवर माठ, कुठल्या दगडाची कड तुटलेली. आणि सकाळी तीच सगळ्यांना सांगते, तुमचा उंबरा एका बाजूला खचलाय, घर पडेल, बघा. ते खरं असतं. ते इतक्या वर्षांत डोळसांपैकी कुणाला कळलेलं नसतं.

लांबण होतीच. त्याचं मत त्याही क्षणी बदललं नाही. वीस पानं सहज उडवता आली असती. पण हे पान त्या लेखिकेनं आयुष्यात लिहिलेल्या सगळ्यांत चांगल्या पानांपैकी होतं, आणि त्यानं नेमकं तेच पाण्यात बुडवलं होतं.

मैत्रिणीनं फोन ठेवल्यावर तो हात पुसत बाहेर आला. मोड्यावर बसायचा त्याला धीर झाला नाही. उभ्यानंच म्हणाला, "ताई, तुला त्रास होईल म्हणून नाही गाळलं मी ते. मला वाचवत नव्हतं. तुझ्या हातून कप पडला होता तेव्हा मी सगळ्यांसमोर..."

"आठवतं मला."

तिनं 'जाऊ दे' म्हणावं, 'तुला काय माहीत' म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. ती तसं काही म्हणाली नाही.

"मीही हसले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "मलाही कळलं नव्हतं. पण तुझं काम ते होतं, बारक्या. कधीतरी बोलशील म्हणून मी सहा वर्षं वाट बघितली. तू पुस्तकं वाचत राहिलास."

तो रडला का, ते ताईला दिसलं नाही. ऐकू मात्र आलं असणार. तिनं पाणी वगैरे काही दिलं नाही, आणि तेच बरोबर होतं असं तो पुढे बायकोला म्हणाला.

आणखी चार रविवार मैत्रीणच वाचत राहिली. भिंगमास्तर दर वेळी जायचा, नळ झाला, मग खिडकीची कडी, मग बिजागरं. शेवटी ताई एकदा फोनवर म्हणाली, "बाई, तू फार सपाट वाचतेस. राजा आणि घोडा एकाच आवाजात बोलतात." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "शेवटचं प्रकरण राहिलंय. येतोस?"

त्यानं वाचलं. पेन्सिलीनं खरडलेल्या ओळींखालची छापील अक्षरं लावत, अडखळत. नावाडिणीनं दरवाजा चाचपला, शिवी घातली, उघडला. तिचा आवाज काढताना एक ओळ त्याला दोनदा वाचावी लागली.

"शेवट गुंडाळलाय," सगळं संपल्यावर ताई म्हणाली. "आणि मधल्या धुक्यात मला चक्क दोनदा डुलकी लागली. तुझं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं."

त्याला हसू येईना. आपलं मत बरोबर निघालं याचं सुख व्हायला हवं होतं, पण ते वाळूसारखं तोंडात आलं.

"पण ती घर पाठ करते ते," ताई म्हणाली, "ते मी मैत्रिणीकडून तीनदा वाचून घेतलं."

रविवार पुन्हा सुरू झाले आहेत. दुसरी पुस्तकं, तोच मोडा, तेच आवाज. फक्त एक नवी गोष्ट आली आहे. प्रकरण संपलं की ताई जरा थांबते आणि विचारते, "हे सगळं पुस्तकातलंच ना रे?" टोमणा नसतो त्यात. सरळ चौकशी असते, एखादा नंबर पुन्हा विचारून खात्री करून घ्यावी तशी. आणि भिंगमास्तर पुस्तकावरचं बोट न उचलता, मान खाली घालून, दर वेळी "हो" म्हणतो.